वेतोबाच्या वहाणा

बकुळाला पहिला फटका मीच मारायला लावला. हात भिवा भगताचा होता, पण गाऱ्हाणं माझ्या तोंडचं होतं आणि वहाणही मीच काढून दिली होती. त्यामुळे भगताला शिव्या देऊन मला सुटता येत नाही. देऊन पाहिल्या.

काळाचौकीतल्या आमच्या चाळीचा दुसरा मजला म्हणजे आमचा अख्खा गावच. वेतोबा आमचा देव. तो भुतांचा राजा. रात्री गावाच्या सीमेवरून फिरतो, फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून आम्ही त्याला नव्या करून वाहतो. त्या साली आमच्या गावच्या मंडळाने दीड हात लांब, तीन पदरी तळाची जोडी करवून घेतली होती. शिमग्याला गावी पाठवायची म्हणून ती माझ्या खोलीत, पोथीच्या पाटाखाली ठेवलेली. श्रावणी सोमवारची पोथी मी वाचायचो आणि काहीही अडलं की देवाला गाऱ्हाणंही मीच घालायचो. मी एक ओळ बोलायची, सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. सगळ्यांच्या तोंडून एकदा व्हय गेलं की ते मागे घेता येत नाही. गावाला हे ठाऊक होतं आणि त्याचा मला माजही होता.

माझं दुसरं शिक्षण गिरणीच्या विणखात्यातलं. तीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढली. कान कामातून गेले, पण समोरच्याचे ओठ हलले की तो काय बोलतो ते कळतं. विणखात्यात आम्ही सगळे असेच बोलतो. बायको म्हणते, तुम्हाला ऐकू येत नाही तेच बरं, येतं तेवढ्यावरच किती भांडता.

जानेवारीत गोळीबार झाला. छप्पन साल. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असं ठरलं आणि सगळं गिरणगाव रस्त्यावर आलं. आमच्या शेजारच्या खोलीतला माधव मोर्चात गेला होता. सूतखात्यातला, चोविशीचा, हसरा पोरगा. चिंचपोकळीला गोळ्या सुटल्या तशी माणसं त्याच्याच मिलच्या फाटकाकडे पळाली. मिल बंद होती. फाटकातलं लहान दार उघडं होतं, त्यातून सात-आठ जण आत घुसले आणि दार बंद झालं. माधव बाहेर राहिला. एक गोळी मांडीत लागली, दुसरी मानेत. कर्फ्यूमुळे चौघांनी घाईघाईत नेऊन त्याला जाळला. चितेला अग्नी थोरल्या भावाने, शामरावने दिला. शामराव त्याच मिलचा वॉचमन. त्या दिवशी आपण मागच्या फाटकावर होतो, असं तो आल्या-गेल्याला रडत सांगायचा.

माधवची बायको बकुळा रडली नाही. दहा दिवस ती भिंतीला टेकून बसून राहिली. दहाव्या दिवशी शामराव खाकी डगल्यात खोलीत शिरला आणि तिने वरवंटा उचलून त्याच्या डोक्यात घातला. नेम चुकला, कान फाटला. मग ती बाप्याच्या आवाजात घोगरं ओरडली, "दार उघड! दार उघड!" चार बायकांना ती आवरेना. शेजारच्या कौसल्याच्या हाताला तिने असा चावा घेतला की टाके पडले.

त्यानंतर शामराव दिसला की हेच. आमच्यात धाकट्याची बायको थोरल्या दिरासमोर तोंड उघडत नाही. लग्नाला दोन वर्षं झाली होती, बकुळाने शामरावपुढे डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, एक शब्द बोलली नव्हती. ती अशी ओरडेल हे कोणाच्या मनातच येईना. म्हणून आम्ही सगळे धरून चाललो की हा आवाज तिचा नाही. माधव अतृप्त गेला, पाण्याचा घोट मिळाला नाही, तो बायकोच्या अंगात शिरला आणि बाहेर पडायला वाट मागतोय. इतकं सरळ होतं आमचं.

भिवा भगताला डिलाईल रोडवरून शामरावनेच आणलं. रविवारची भर दुपार. माझ्या दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही वीस-पंचवीस बाप्ये. बकुळाला धरायला माझी बायको सुंदराबाई आणि कौसल्या. भगताने दार लावून घ्यायला सांगितलं. शामरावने वरची कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभा राहिला.

"देवाची वहाण होयी," भगत म्हणाला. "राजाच्या पायतणाक भूत भिता."

"माराची काय गरज?" सुंदराबाई म्हणाली. "पोर तेरा दिवस धड जेवूक नाय."

"तुका काय कळता त्यातला?" मी तिच्यावर खेकसलो. पंचवीस माणसांसमोर बायकोने शहाणपणा शिकवावा हे मला खपण्यासारखं नव्हतं. मी पाटाखालून वहाणांची जोडी काढली, उजवी भगताच्या हातात दिली, डावी माझ्याकडे ठेवली. नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा वेतोबा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या लेकराच्या अंगात जा काय वायट शिरला आसा, ता तुझ्या वहाणेन भायर पडू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज शामरावचा.

पहिला फटका पाठीवर पडला. मला ऐकू आला, म्हणजे केवढा असेल बघा. दुसरा खांद्यावर, तिसरा पुन्हा पाठीवर. चोळी फाटली. "नाव सांग!" भगत ओरडायचा, ती "दार उघड" ओरडायची आणि माणसं "व्हय म्हाराजा" ओरडायची. भगताने तिच्या नाकाखाली मिरच्यांची धुरी धरली. ती खोकत पालथी पडली, त्याने केसांना धरून वर ओढली आणि वहाण तोंडावर हाणली. दात पडला. ओठ फाटून रक्त हनुवटीवरून गळ्यात उतरलं. आणि खरं सांगतो, तेव्हाही मला वाटत होतं की हे बरोबर चाललंय. पुढच्या माणसाच्या खांद्यावरून मला नीट दिसावं म्हणून मी टाचा उंच करत होतो. आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

दहा-बारा फटक्यांनंतर तिचा आवाज गेला. पण ओठ हलत होते. माणसं ओरडत होती, त्यांना काय कळणार? मला कळलं. सवयीने मी वाचत गेलो.

"भावोजी, ते भायर ऱ्हवले. भावोजी, मी समोरच्या दुकानाकडे होतंय. तुमका साद घालीत होते. दार उघडा, भावोजी."

मी पुन्हा वाचलं. पुन्हा तेच. माधवचं भूत असतं तर शामरावला दादा म्हणालं असतं. ही बकुळा होती. तिचीच ती होती, पहिल्यापासून. नवऱ्याला घरी आणायला गेली होती, रस्त्यापलीकडून तिने सगळं पाहिलं होतं. आणि थोरल्या दिराला विचारायचं तर भूत झाल्याशिवाय तिला तोंड नव्हतं.

मी शामरावकडे पाहिलं. त्याची पाठ दाराला होती आणि एक हात वर कडीवर. तो बकुळाच्या ओठांकडे बघत होता. त्यालाही वाचता येत असावं.

भगताने वहाण पुन्हा उचलली. मी मधे घुसून त्याचं मनगट धरलं.

"तात्यानू, मधी येव नकात!" भगत माझ्यावर ओरडला.

"पुरे."

"पुरे कसा? भूत अजून भितर आसा. तुमच्याच पोथीत आसा ना, देवान दैत्याचा मुंडक्या पायरीखाली घातल्यान? भुताची जागा पायाखालीच."

"आणि त्याच दैत्याचो भाऊस? तेका देवान आपल्या देवळात जागा दिल्यान, ता नाय आयकलस?" माझं डोकं तडकलं होतं. "देव लग्नाक निघालो, तेव्हा वरातीत कोण होते? भुतां होती. हात तुटलेली, मुंडक्या नसलेली. सासू बघून चक्कर येवन पडली. सगळे देव सांगत होते, ह्यांका मागे ठेव. देवान एकाक तरी मागे घालवल्यान? देव म्हणालो, ह्यांका जगात कोण नाय, ही माझी. माझ्याबरोबर मांडवात येतली. तीस वर्सां वाचतंय मी ती पोथी, भिवा. आज माका कळली."

"तुमची पोथी मगे सुरवातीक खय होती?" सुंदराबाई म्हणाली. तिच्या मांडीवर बकुळाचं डोकं होतं आणि लुगडं रक्ताने भिजलं होतं.

भगताच्या हातातली वहाण मी हिसकावून घेतली. शामरावला नुसतं विचारून काही होणार नव्हतं, तो मागच्या फाटकाचंच सांगणार. माझ्याकडे एकच हत्यार होतं. मी नारळासमोर उभा राहिलो आणि दुसरं गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा वेतोबा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सवयच ती. कोणी विचारसुद्धा केला नाही.

"तू भुतांचो राजा! जेका कोण नाय, तेका तू आसस रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज माधव तुझ्या पायाकडे येवन बसलो आसा! तेच्या तोंडार जेणी दार लावल्यान, तो हय आसात तर तेका आपल्या तोंडान कबूल करू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"नाय करीत तर हीच वहाण तेच्या पाठीर पडू दे रे म्हाराजा!"

सगळ्यांबरोबर शामरावचंही तोंड उघडलं. लहानपणापासूनची सवय. "व्हय" बाहेर पडला आणि पुढचं अडकलं. ओठ तसेच उघडे राहिले. खोलीत एकेकाने मान वळवली.

"शामराव," मी म्हटलं, "पुरा कर."

त्याचा हात कडीवरून खाली आला. "सायबाचो हुकूम होतो, तात्यानू. भितर आणखी माणसां घेतलंस तर उद्यापासून येव नको म्हणालो. चावी माझ्याकडे होती."

"माधवची हाक आयकलस?"

"आयकलंय." तो खाली बसला. "तीनदा. दादा, दादा, करी होतो. दारार थापटी होतो. मगे थापटूचो थांबलो."

वहाण मी खाली ठेवायला हवी होती. एवढी पोथी सांगितली होती मी आत्ताच, भगताला, मोठ्या तोंडाने. ठेवली नाही. सर्वांगाने पेटलो होतो. शामरावला पहिला फटका मीच मारला आणि या वेळी हातही माझाच होता. तो त्याच्या फाटक्या कानावर बसला आणि टाका उसवून रक्ताची चिळकांडी माझ्या सदऱ्यावर आली.

मग कोणी थांबेना. ज्यांनी बकुळाच्या माराला व्हय म्हटलं होतं तेच पुढे होते, भगतसुद्धा. कोणी लाथा घातल्या, कोणी पाट उचलला. कोपऱ्यातला पाण्याचा हंडा कलंडला आणि त्या लाल चिखलात शामराव लोळत होता. त्याने डोकं वाचवायला हात वर केला, त्यावर पाट बसला आणि हाड मोडल्याचं मला दिसलं, कोपराखाली हात भलतीकडे वळला. "पुरे!" मी ओरडलो. "पुरे रे म्हाराजा!" माझ्या हाकेला व्हय म्हणणारं एकही तोंड नव्हतं. तीस वर्षांत पहिल्यांदा. मी दोघांना मागे ओढलं, तर कोणाचं तरी ढोपर माझ्याच पोटात बसलं.

शामराव पोटावर सरकत दारापर्यंत गेला. कडी वर होती. एका हाताने तो दारावर थापटत राहिला. "दार उघडा," म्हणत होता. "कोणी तरी दार उघडा रे." बाहेर गॅलरीत बायका रडत होत्या, पण कडी आतून.

सुंदराबाईच्या मांडीवरून बकुळा उठली. भिंत धरत धरत आली. माणसांनी हात आवरले आणि तिला वाट दिली. आम्हाला सगळ्यांना वाटलं, आता हिची पाळी. तिचा हक्कच होता. मी डावी वहाण तिच्यापुढे धरली. डावी अजून कोरी होती.

तिने वहाणेकडे पाहिलंही नाही. शामराव थापटत होता, तिथे ती उभी राहिली, बराच वेळ त्याच्या हाताकडे बघत. पदर केव्हाच पडला होता, तो तिने घेतला नाही. तोंड सुजलेलं, एक डोळा मिटलेला. उरलेल्या डोळ्याने ती थोरल्या दिराच्या तोंडाकडे सरळ बघत होती.

मग तिने हात वर करून कडी काढली आणि दार उघडलं.

"भायर जावा, भावोजी," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, फाटलेला, पण सगळ्यांना ऐकू जाण्याएवढा.

शामराव उंबऱ्यावरून सरपटत बाहेर गेला. पंचवीस माणसं हातातलं खाली टाकून उभी होती. मी दोन्ही वहाणा तिच्या पायांपाशी ठेवल्या.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.