ठळक अक्षरांतलं नाव

तीन वर्षं कुंतीचे लेख बेटाच्या राजधानीतल्या, पोर्ट लुईच्या मासिकात ‘एका शिक्षिकेकडून’ एवढ्याच ओळीखाली छापून येत होते. १९६०च्या चक्रीवादळानंतर ती तेर रूजजवळच्या ऊसमजुरांच्या वस्तीत गेली, पाचटाच्या आडोशाला झोपणारी माणसं पाहून आली आणि लेखासोबत संपादकांना चिठ्ठी धाडली: या वेळी माझं नाव हवं.

नाव आलं, तेही ठळक अक्षरांत. पण अंक कुंतीच्या हाती पडण्याआधीच वस्तीतली इंद्राणी तो घेऊन, दोन बस बदलून, व्हाकोआला कुंतीच्या शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. तिनंच कुंतीला वस्ती फिरवून दाखवली होती.

“मिस, तुमी लिवलंय व्हय हे? मळ्याच्या साहेबानं समद्यांम्होरं वाचून दावलं. छपराचं पत्रं मागाया गेलं की म्हनतो, तुमच्याच मिसनं लिवलंय, समद्यांना मिळालं.”

कुंतीनं अंक ओढूनच घेतला. ‘दीड महिना झाला, एक पत्रा आलेला नाही,’ असं तिनं लिहिलं होतं. तिथं छापलं होतं, ‘मालकांच्या औदार्याने वस्ती सावरली.’

ती तशीच इंद्राणीला घेऊन मासिकाच्या कचेरीत पोचली. संपादक चंद्रमोहन गावोगाव जाणाऱ्या अंकांवर पत्ते लिहीत होते.

“थोडं मवाळ केलं, बाई. मासिक चालवायचं असतं.”

“माझी वाक्यं खोडलीत ना? मग नाव का नाही खोडलंत?”

“नावाचा हट्ट तुमचाच होता!”

“तुमच्या खोट्याखाली सही करायचा नव्हता!”

तिनं त्यांच्या हातातलं पेन हिसकावलं, गठ्ठा पुढ्यात ओढला आणि एकेका अंकातलं आपलं नाव कागद फाटेस्तोवर खोडू लागली. चंद्रमोहन ओरडत होते. चाळीसेक अंक झाल्यावर त्यांनी गठ्ठा उचलून कपाटात कोंडला.

“यापुढे तुमचं काही छापणार नाही!”

“छापूनच बघा!”

बाहेर पायरीवर बसून कुंतीनं पिशवीतल्या वहीतला कच्चा मसुदा इंद्राणीला शेवटपर्यंत वाचून दाखवला. इंद्राणी नाकपुड्या फुलवून ऐकत होती.

“हे खरं हाय,” ती म्हणाली. “पन साहेबाकडं तर ते दुसरंच हाय न्हवं?”

कुंतीनं वही मिटली. तेर रूजची बस आली, तशी इंद्राणी उठली. कुंतीही तिच्यामागोमाग बसमध्ये चढली. आता तो मसुदा ती सगळ्या वस्तीसमोर वाचणार होती, साहेबाच्या दारातच.