पांढरे हातमोजे

सोन्याच्या खाणीतल्या मजुरांचा खटला जिंकला, तेव्हा क्विनलन वकिलाला आम्ही आमच्या वॉलारा गावभर खांद्यावर नाचवलं आणि आमदार म्हणून निवडून मेलबर्नला धाडलं. तिथं त्यानं आमची रेल्वे दुसऱ्याच गावाला देऊन टाकली.

म्हातारपणी तो न्यायाधीश होऊन फिरतीवर आमच्या गावी आला. गुन्ह्याचा एकही खटला नसला, की न्यायाधीशाला मानाचे पांढरे हातमोजे द्यायची रीत आहे. कोर्टाचा शिपाई म्हणून ते मीच पुढे केले.

तो खुलला. "वा! गाव सुधारलं की!"

"डोंबल सुधारलं! चोरी करायला तरी माणसं नकोत का, साहेब? सगळी रेल्वेमागं गेली."

खिडकीबाहेर रिकाम्या रस्त्यावर शेळ्या चरत होत्या. तो बघतच राहिला.

"मला खांद्यावर घेणाऱ्यांपैकी... कुणी उरलंय?"

"डावा खांदा माझा होता, साहेब."