चोपन्न अभिप्राय आणि एक जबडा

पहिला फटका खोदकामाच्या करणीचा होता, पण पात्याचा नव्हे, मुठीचा. अवजाराची धार उगाच वाया घालवू नये, असं थरसरांनी स्वतःच्याच पुस्तकात लिहून ठेवलं होतं, आणि त्या पुस्तकावर अजून विश्वास असलेले ते एकटेच उरले होते. मेहुण्याचा जबडा कडकन वाजला. सुकं लाकूड मोडावं तसा. मेहुणा खापरांच्या खोक्यावर जाऊन आदळला आणि चकित होऊन बघत राहिला.

विद्यार्थी त्यांना थरसर म्हणत, कारण कुठलाही प्रश्न विचारला तरी ते मातीच्या थरांपासून सुरुवात करत. पहिल्या वर्षाचं पुरातत्त्वाचं पुस्तक त्यांनी लिहिलं होतं. चारशे बारा पानं, अकरा वर्षांची मेहनत. त्यातलं सातवं प्रकरण तेवढं बायकोच्या धाकट्या भावाचं. तोही याच विभागात शिकवत होता आणि घरी जेवायलाही यायचा, म्हणून दिलं होतं.

यंदा अभ्यास समितीच्या मनात आलं की पुस्तकाबद्दल पोरांना विचारावं. सहापैकी एकाने तरी बरं म्हटलं तर पुस्तक राहील, नाहीतर पुढच्या वर्षापासून रद्द. वर्गात चोपन्न जण. म्हणजे नऊ हवेत.

नऊच निघाले. काठावर पास. दुपारी तीनला समिती बसणार होती. कारकूनबाईंनी सकाळी गठ्ठा आणून दिला आणि अडीचला परत न्यायला येते म्हणाल्या. थरसरांनी ते नऊ कागद दोनदा वाचले, घडी करून शर्टाच्या खिशात, छातीशी ठेवले. इथेच थांबले असते तर सगळ्यांची हाडं जागेवर राहिली असती. पण उरलेले पंचेचाळीस टेबलावर पडले होते.

‘लेखकाला त्यानेच आखलेल्या खड्ड्यात उभा गाडावा आणि पाच हजार वर्षांनी काढावा. नाही काढला तरी चालेल.’

‘पान दोनशे सातवरच्या सांगाड्याचा हेवा वाटतो.’

‘हे पुस्तक फळीवरून डोक्यात पडून माझ्या मैत्रिणीला तीन टाके पडले. एवढाच काय तो डोक्यात प्रकाश.’

आणि एक, जो त्यांनी उभ्याने वाचला: ‘सातवं प्रकरण ठेवा. बाकीचं जाळा. लेखक आत असेल तर उत्तम.’

थरसर कागद घेऊन खापरांच्या खोलीत गेले. जमिनीवर सुतळीने चौकोन आखले, एकेका चौकोनात एकेक अभिप्राय ठेवला आणि भिंग घेऊन गुडघ्यांवर रांगत उत्खनन केलं. तासाभरात सापडलं. अकरा कागदांवर चहाच्या कपाचा गोल डाग होता, एका जागी तुटलेला. बुडाला टवका गेलेला कप. सातव्या प्रकरणाची आरती ओवाळणारा कागद त्या अकरांतच होता.

तसा कप विभागात एकच होता. तो घेऊन त्यांनी मेहुण्याला बोलावलं.

“हा कोणाचा?”

“माझा. ताईनेच दिलाय.”

“आणि हा डाग?”

मेहुण्याने जमिनीवरचे चौकोन पाहिले. त्याचा चेहरा उतरला. “दाजी, सांगतो. पण आधी दार लावा.”

थरसरांनी दार लावलं, कडी घातली, आणि मग त्याला सांगू दिलं नाही.

मेहुणा खोक्यावरून उठला तेव्हा त्याच्या हातात मोजणीचा लाल-पांढरा दांडा आला होता. तो त्याने आडवा फिरवला. थरसरांचे पुढचे दोन दात गेले. एक सुतळीच्या तिसऱ्या चौकोनात पडला, एक कायमचा हरवला. ते वाकून मेहुण्याच्या पोटात घुसले. दोघं मांडणीवर आदळले, आणि दोन हजार वर्षं भूकंपांना, पुरांना आणि नांगरांना पुरून उरलेला रांजण एका सासरच्या भांडणात फुटला. मेहुण्याने त्यांचा कान चावला. त्यांनी त्याच्या छातीवर गुडघा रोवला आणि कप गळपट्टीच्या हाडावर आपटला, एकदा, दोनदा. दुसऱ्यांदा काय मोडलं, कप की हाड, ते आवाजावरून सांगता येत नव्हतं. दोन्ही मोडलं होतं.

“अकरा,” थरसर रक्त थुंकत म्हणाले. “माझ्या घरी जेवून, माझ्याविरुद्ध अकरा.”

मेहुण्याला बोलता येईना. जबडा एकीकडे, तोंड दुसरीकडे. त्याने चाचपडत खिशातून पेन काढलं आणि खोक्याच्या लेबलामागे काहीतरी खरडून समोर धरलं.

दोनच मुद्दे होते. ‘वाईट पोरांनीच लिहिलेत. मी नऊ काढून नऊ घातले, तेव्हा कप गठ्ठ्यावर ठेवलेला, चहा झिरपला.’ आणि ‘आता मारू नका.’

पण थरसर मजकूर बघत नव्हते. मुद्द्यांचे आकडे बघत होते. एक आणि दोन, दोन्ही आकड्यांभोवती नीट गोल काढलेला. खड्ड्याच्या भिंतीचा नकाशा काढताना थराच्या क्रमांकाला असाच गोल करतात. आयुष्यभर तेच केलेला माणूस किराणाची यादीही तशीच लिहितो. पहिल्या वर्षाची पोरं कशाला करतील.

त्यांनी छातीशी ठेवलेले नऊ कागद काढले. ‘प्रकरण चार अतिशय रसाळ.’ चारभोवती गोल. ‘पान नव्वदवर डोळ्यांत पाणी आलं.’ नव्वदभोवती गोल. नऊच्या नऊ कागदांवर. सकाळी त्यांना ते खटकलं नव्हतं, कारण ते स्वतःही तसेच लिहीत. खोलीभर खणून झालं होतं, खिसा तेवढा राहिला होता.

म्हणजे चोपन्नांत एकालाही आवडलं नव्हतं.

दारावर धक्के बसू लागले. तिसऱ्या धक्क्याला कडी निखळली. शिपाई आत आला, मागून कारकूनबाई. त्यांनी रक्त पाहिलं, रांजण पाहिला, घड्याळ पाहिलं.

“सर, अडीच वाजले.”

“रांजण पडला,” थरसर म्हणाले. “अंगावर.”

“दोघांच्या?”

मेहुण्याने जमिनीवरूनच मान हलवली. जबडा जरा उशिरा हलला.

“त्यांच्या हातात काय लिहिलंय? द्या इकडे. दवाखान्यात दाखवायचं असेल.” बाईंनी हात पुढे केला. बाई पक्क्या होत्या. वाचलं असतं तर तीनच्या आत समितीने ऐकलं असतं.

थरसरांनी चाळीस वर्षांत पुराव्याला कधी उघड्या हाताने स्पर्शही केला नव्हता. त्यांनी मेहुण्याच्या बोटांतून लेबल ओढलं, तोंडात घातलं आणि चावायला लागले. पुढचे दात नसल्याने वेळ लागला. जाड पुठ्ठा होता. हिरड्या फाटल्या, रक्ताबरोबर घास खाली गेला.

बाई बघत राहिल्या. थरसरांनी सुतळीतले पंचेचाळीस कागद गोळा केले, खिशातून काढलेले नऊ त्यात घातले, बाहीने रक्त पुसलं आणि गठ्ठा त्यांच्या हातात दिला.

“मोजून घ्या.”

बाईंनी तिथेच मोजले. चोपन्न भरले.