माझी टोपी विहिरीतच राहू द्या

मी एक जुनी तांब्याची हंडी आहे, मित्रांनो, आणि चुलीवर नसले तरी माझं डोकं तापलेलंच असतं. सर्बियातल्या एका तांबटानं मला घडवलं. डोक्यावर टोपी, टोपीला नळी. पोटात आंबवलेले आलुबुखार, खाली जाळ, की नळीतून रकिया नावाची दारू गळायची. गावभर माझंच कौतुक! शेजारीपाजारी आपापल्या आंबवलेल्या फळांची पिंपं घेऊन यायचे, आणि रीत अशी, की प्रत्येक पिंपातला पहिला पेला हंडीच्या मालकानं घ्यायचा. आमचा मालक वेलिझार. मोठा रीतीचा माणूस!

त्या रीतीनंच त्याचं यकृत खाल्लं. पण कुणाला कळेल तर शपथ! उभा राहिला की धापा टाकायचा, ओठ निळे पडायचे. झाडाखाली आडवा झाला की बरा.

"काम दिसलं की धाप, सतरंजी दिसली की आराम!" शेजारी मिलुतिन खिदळायचा.

"उठा हो, लोक हसतात!" म्हणत बायको स्तामेना त्याला उशा रचून बसवायची. तो आणखीच गुदमरायचा. मग छातीला माझीच रकिया चोळायची, वर पेलाभर पाजायची. औषध म्हणे! मला हात असते तर तिला भाजून काढली असती.

शेवटी तो अंगणात कोसळला. शहरातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यकृत आक्रसलंय, त्यानं फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या फुगल्यात. रक्त पुरेशी हवा न घेताच पुढे पळतं, उभं राहिल्यावर जास्तच. निजू द्या त्यांना. नवं यकृत बसवलं तरच सुटका. तोवर थेंबभर दारू घेतली, तर तेही मिळायचं नाही."

तरी शरद ऋतू आला, मिलुतिन पिंप घेऊन हजर, आणि माझ्या नळीतली पहिली धार त्यानं पेल्यात धरली!

"वेलिझारदादा, पहिला पेला तुझा. एका घोटानं काय मरतोस?"

वेलिझारचा हात पुढे झाला, मेल्याचा! स्तामेनानं पेला उडवला, माझी गरम टोपी फडक्यानं उपटली आणि विहिरीत भिरकावली.

"वहिनी, वेड लागलं का?"

"लागलं! फार उशिरा लागलं!"

टोपीवाचून दारू होत नाही. आता माझ्या उघड्या पोटात त्याच फळांचा मुरंबा रटरटतो. वेलिझार नाकात प्राणवायूची नळी लावून झाडाखाली पडून असतो, इस्पितळाच्या फोनची वाट बघत. अजून फोन आलेला नाही.

मित्रांनो, आडव्या पडलेल्या माणसाला आळशी म्हणण्याआधी त्याचे ओठ बघा. आणि मिलुतिन दोर घेऊन विहिरीशी घुटमळताना दिसला, तर दोर कापा. बाकीचं स्तामेना बघेल.