सरांनी लिहिलेली ओळ

“मुलांनो, नीट बघून घ्या,” सारंग माईकवर म्हणाला, “तंबाखू खाल्ली की असा चेहरा होतो.”

हिम्मतराव खुर्चीतून अर्धवट उठले. खांद्यावरची शाल घसरली. गौलीगुडा मोहल्ल्यातल्या याच शाळेत त्यांनी एकतीस वर्षं मराठी शिकवली होती. सत्कार आहे म्हणून बोलावलं, तेव्हा सकाळी त्यांनी दोनदा दाढी केली होती. डावा जबडा आणि अर्धी जीभ वर्षापूर्वी ऑपरेशनमध्ये गेली. त्या बाजूला वस्तरा अजून चाचपडतच चालायचा.

तंबाखू त्यांनी जन्मात तोंडाला लावली नव्हती. काही न खाताही कुणाकुणाला तोंडाचा कॅन्सर होतो, असं डॉक्टर म्हणाले होते. पण गल्लीत, नात्यात, बेगम बाजारात, जो भेटे तो आधी विचारी, “किती वर्षं खात होता?”

त्यांनी माईक ओढून घेतला. “म्ही... खधी...” लाळ हनुवटीवर आली. पुढच्या रांगेतली मुलं खुदखुदली.

“आवो, ह्यांनी सुपारीबी नाही खाल्ली कधी!” खालून त्यांची बायको इंदुताई ओरडली.

“काकू, लपवू नका,” सारंग हसून म्हणाला. तो आता शाळेचा सेक्रेटरी होता. “सरांकडे बघून ही मुलं तरी वाचतील.”

हिम्मतराव भिंतीवरच्या फळ्याकडे गेले. हात शाबूत होता. वळणदार अक्षरात त्यांनी लिहिलं: मी तंबाखू कधीच खाल्ली नाही. मग मुलांकडे वळून एकेका शब्दावर बोट ठेवत गेले.

मुलं एकमेकांकडे बघू लागली. शाळा इंग्रजी माध्यमाची होऊन आठ वर्षं झाली होती; मराठी वाचता येणारं त्यांच्यात कुणी नव्हतं.

“क्या लिखे सर उनो?” एका मुलीने सारंगला विचारलं.

सारंगने ओळ मनात वाचली. जोडाक्षरं त्याला याच माणसाने, शाळा सुटल्यावर थांबवून घेऊन शिकवली होती. त्याने समोरच्या पाहुण्यांकडे पाहिलं.

“सर लिहितात,” तो माईकवर म्हणाला, “तंबाखू कधीच खाऊ नका.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. हिम्मतराव त्याच्याकडे बघतच राहिले. सारंगने नजर चुकवली नाही. उलट वाकून त्यांच्या पाया पडला.

फोटोवाला बबलू पुढे आला. “अंकल, मुंडी जरा इधर फिराओ. आपरेशनवाली बाजू फोटू में आना.”

इंदुताई स्टेजवर चढल्या. आयुष्यात पहिल्यांदाच. नवऱ्याच्या डाव्या गालापुढे उभ्या राहिल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला.

“हं,” त्या म्हणाल्या, “काढ आता.”