वाऱ्याची माफी

संघदीपच्या प्रत्येक कवितेत वारा म्हणजे आयुष्यातलं संकट. तो दिवे विझवतो, छपरं उडवतो, आणि शेवटच्या कडव्यात संघदीप त्याला पुरून उरतो.

आज मात्र खळ्यात वारा पडला होता. घरापुरती तूर वाऱ्यावर उपणायची होती, आणि ती झाल्याशिवाय माय त्याला कळंबच्या कविसंमेलनाला सोडणार नव्हती.

"तूच शिव्या देऊन राह्यला त्याले," भरलं सूप धरून उभी असलेली माय म्हणाली. "मंग तो कायले येईन? माफी माग."

"माय, ते प्रतीक आहे."

"मंग प्रतीकाची माग."

बस चुकेल या भीतीनं संघदीपनं हात जोडून वाऱ्याची स्तुती सुरू केली. दुसऱ्याच कडव्याला वारा आला. कुटार उडालं, तूर साफ झाली.

"खबरदार, त्याले पुन्हा संकट म्हणशीन तर!"

म्हणून कळंबला संघदीपनं आयुष्यातली सगळी संकटं डासांवर घातली. वारा खळ्यातच थांबला असावा, कारण मांडवात पान हलत नव्हतं आणि डास मात्र भरपूर होते. टाळ्या थांबता थांबेनात. त्यातल्या काही कवितेसाठीही होत्या.