मागच्या स्प्रिंगची वही

रेम्फर कुटुंबातल्या एकुलत्या मुलीचे, हाइड्रूनचे, ज्या वसंतात लग्न झाले, त्याच वसंतात मी त्यांच्या घरी आले. मी एक जुनी मोटारसायकल आहे. अंगकाठी शर्यतीच्या गाडीची, पण बनवलेली मात्र दोन माणसे आणि त्यांचे सामान घेऊन लांबचे देश गाठण्यासाठी. मित्रांनो, अशा गाडीचे आयुष्य किलोमीटरमध्ये मोजतात. माझे एका वहीत मोजले गेले.

माझा मालक एबरहार्ट याने गिअरच्या कारखान्यात चौतीस वर्षे मापे तपासली होती. केसाएवढी चूक त्याच्या बोटाला कळत असे. त्याचा एक नियम होता: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या, तर दोष नेमका कशात होता ते समजत नाही. नियम खोटा नव्हता. त्या नियमाने हजारो चांगले गिअर बाहेर पडले होते.

मी आले त्या एप्रिलमध्ये, शनिवारी दारापुढचा रस्ता झाडून झाल्यावर, त्याने बायकोला, रोझविथाला, जाड जाकीट आणि हेल्मेट घालून मागे बसवले. पेट्या भरल्या. स्वतः पुढे बसला. शेजारचा ट्राउगॉट गुडघे टेकून माझ्या मागच्या चाकाजवळ टेप धरून बसला. दोघांच्या वजनाने मी किती खाली बसते ते मोजायचे आणि त्याप्रमाणे मागची स्प्रिंग कमी-जास्त आवळायची. स्प्रिंगच्या चकतीला खाचा आहेत; वजन जितके जास्त, तितक्या जास्त खाचा आवळायच्या.

"सोळा," एबरहार्ट म्हणाला, आणि चौकटीच्या कागदाच्या वहीत तारखेसकट लिहिले. वही गॅरेजच्या खिळ्याला टांगली.

"माझं वजन सगळ्या गल्लीला सांगून टाक," रोझविथा वरून म्हणाली.

"खाचा आहेत गं त्या, किलो नाहीत."

"हो ना! ट्राउगॉटला विचार, तो तोंडी हिशेब करतोय."

त्या उन्हाळ्यात आम्ही आल्प्सच्या तीन खिंडी ओलांडल्या. कॉफी हवी झाली की ती एबरहार्टच्या बरगडीत दोनदा बोट टोचायची. उतारावर हेल्मेटच्या आत गायची. तिला वाटायचे कुणाला ऐकू जात नाही. परत आल्यावर तिने बहिणीला, गुद्रुनला, फोन केला. गुद्रुन लग्न होऊन नॉर्वेच्या किनाऱ्यावर गेली त्याला तीस वर्षे झाली होती, आणि तिचे घर रोझविथाने फक्त फोटोत पाहिले होते.

"पुढच्या जूनमध्ये येतो. नाही, विमानानं नाही, मोटारसायकलवर! हो, या वयात!"

मित्रांनो, मी त्या एका रस्त्यासाठी जगले. दोन हजार किलोमीटर. तो रस्ता मला कधीच मिळाला नाही.

त्याच सप्टेंबरात रोझविथाच्या कंबरेत दुखू लागले. गाडीवर तासभर झाला की दुखे, उतरल्यावर थांबे. एबरहार्टने क्षणभर विचार केला आणि माझ्या सीटकडे पाहिले. मला त्या नजरेचे दुःख अजून आहे. त्याला दोष सापडला होता, आणि तो दोष मी होते.

हिवाळ्यात सीट जीनगराकडे गेली. त्याने जुना फोम काढून तीन थरांचा नवा भरला, मागची बाजू रुंद केली. काम सुरेख होते. पण आमच्या नंबरप्लेटच्या कडेला ०४ आणि १० असे दोन आकडे आहेत. एप्रिल ते ऑक्टोबर एवढेच मी रस्त्यावर येऊ शकते, उरलेल्या महिन्यांचा कर वाचतो. त्यामुळे सीटची परीक्षा एप्रिलपर्यंत थांबली.

परीक्षेचा रस्ता ठरलेला होता: एकशे अठरा किलोमीटर, टेकडीवरच्या चॅपेलजवळच्या बाकापाशी थांबायचे. तिथे लोणी लावलेली ब्रेत्सेल, म्हणजे वेटोळ्याचा खारट पाव, खाताना एबरहार्ट विचारायचा, "किती दुखतंय? एक ते दहा."

"चार," रोझविथा म्हणाली.

"म्हणजे सीट नाही. पायांची ठेवण."

त्याच्या पुढच्या वर्षी पाय ठेवायचे पायटे खाली घेतले आणि हँडल उंच केले; त्याच्या हिशेबी बसण्याची ठेवण ही एकच गोष्ट. बदललेल्या हँडलसाठी वाहन तपासनिसाचा शिक्का हवा होता. तो यायला ऑगस्ट उजाडला, आणि शिक्क्याशिवाय एबरहार्ट गल्लीच्या टोकापर्यंतही गेला नसता. जून निघून गेला. बाकावर ती म्हणाली, "पाच." एकदा तिने सहज विचारले, "हाइड्रूनबरोबर डॉक्टरकडे जाऊन येऊ का?"

"जा की. पण आधी पाठीला टेकू लावून बघू. एका वेळी एकच गोष्ट. डॉक्टर गोळ्या देणार, मग टेकूनं बरं वाटलं की गोळीनं, कसं कळणार?"

ती हसली. तीही याच गावची होती, तिलाही ते पटले. ती गेली नाही.

चौथ्या वर्षी मागच्या पेटीला पाठीचा टेकू आला आणि वाऱ्यासाठी उंच काच आली. त्या दोन गोष्टी एकाच वर्षी बदलल्या म्हणून एबरहार्ट आठवडाभर अस्वस्थ होता. बाकावर त्याने विचारले. रोझविथाने त्याच्या हातांकडे पाहिले. बोटांना ग्रीस होते, अंगठ्यावर नवा व्रण होता.

"दोन," ती म्हणाली.

त्याने उठून तिच्या कपाळाचे चुंबन घेतले. मला मात्र खरे माहीत होते. येताना तिने मागची कांब इतकी घट्ट धरली होती की प्रत्येक खड्ड्याला तिची कळ माझ्या लोखंडात उतरत होती. मित्रांनो, यंत्राला बोलता येत नाही, हे आमचे नशीब. पण मी जमेल तेवढे सांगितले होते. दर एप्रिलला सांगितले होते.

ते वहीत होते. पहिल्या वर्षी सोळा. मग पंधरा. मग तेरा. मग दहा. दर वर्षी दोघे बसल्यावर मी आधीपेक्षा कमी दबत होते, म्हणून एबरहार्ट स्प्रिंग सैल करत होता. त्याचे स्वतःचे वजन तेच होते. दर रविवारी काट्यावर उभे राहून तो ब्याऐंशी किलो म्हणून मोठ्याने जाहीर करत असे. आकडे खाली-खाली जात होते, अक्षर सुंदर होते, आणि ज्याने आयुष्यभर आकडे वाचले तो माणूस ते लिहीत होता, वाचत नव्हता.

पाचव्या एप्रिलमध्ये सगळे तयार होते. जूनच्या जहाजाची तिकिटे काढली होती. गुद्रुनने खाटा घालून ठेवल्या होत्या. हाइड्रून भेटायला आली होती. रोझविथा मागे बसली, ट्राउगॉटने टेप धरली.

"सहा," एबरहार्ट कपाळाला आठी घालून म्हणाला. "स्प्रिंग घट्ट होत चाललीय. नवी मागवायला हवी."

ट्राउगॉट गुडघे चोळत उठला. "म्हातारपणी सगळं सैल होतं बाबा. तुझ्याच गाडीची स्प्रिंग तेवढी घट्ट होते होय? मलाही आणून दे एक!"

सगळे हसले. रोझविथा सगळ्यात जास्त हसली. हाइड्रून हसली नाही. तिने खिळ्यावरची वही काढली आणि पान उलटून मागे गेली.

"बाबा."

"थांब गं, माप चुकेल."

"बाबा, ही स्प्रिंग नाहीये. ही आई आहे."

एबरहार्टने वही घेतली आणि पहिल्यांदा वाचली. वाचताना त्याचे बोट ओळीखाली सरकत होते, जसे कारखान्यात सरके. मग त्याने बायकोचे हेल्मेट काढले, जाकीट काढले. जाकिटाच्या आत तिने दोन स्वेटर घातले होते. "थंडी वाजते रे हल्ली," ती म्हणाली.

आजार हाडांत होता. डॉक्टर तरुण होता आणि सभ्य होता. घरी येऊन हाइड्रूनने गॅरेजमध्ये नवऱ्याला फोनवर सांगितले ते मी ऐकले: "दोन वर्षं आधी आणलं असतं तर, असं म्हणाला. बाबांसमोर म्हणाला." त्यानंतर एबरहार्ट जून, जुलै, ऑगस्ट माझ्याजवळ आला नाही. तिकिटे परत केली. गुद्रुनच विमानाने आली, दोन तासांत, आणि बहिणीच्या उशाशी पाच आठवडे राहिली. दोन तासांत, मित्रांनो.

ऑक्टोबरच्या शेवटी रोझविथाला घरी आणले. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला ऊन पडले होते. ती म्हणाली, "एबरहार्ट, मला चॅपेलपर्यंत ने. फक्त तेवढं."

त्याने तिच्याकडे पाहिले, मग माझ्या मागे पाहिले. नंबरप्लेटकडे.

"काल मुदत संपली," तो म्हणाला. "आता एप्रिलमध्ये, रोझी."

"तू नाही सुधारायचास," ती म्हणाली. रागावली नव्हती. "बरं, मग नुसतं बसव."

त्याने तिला रजईत गुंडाळून उचलले आणि माझ्या सीटवर ठेवले. मी दबलेच नाही. कुणीतरी अंगावर कोट टाकावा, तेवढेच मला जाणवले. सवयीने त्याच्या तोंडून शब्द निघाले: "किती?"

"नऊ," रोझविथा म्हणाली. या वेळी ती खरे बोलली. मग तिने सीटवरून हात फिरवला. "पण सीट उत्तम झालीय हो. खरंच."

तो माझ्या टाकीवर डोके ठेवून रडला. तिने त्याच्या बरगडीत दोनदा बोट टोचले.

त्यालाही आता बरीच वर्षे झाली. मी करड्या कापडाखाली उभी आहे. एबरहार्ट अजून येतो, बॅटरीला वीज लावतो, टायरमध्ये हवा भरतो, कापड नीट करतो आणि जातो. सगळे लोक म्हणतात, काय निगा राखली आहे! मला ते शब्द सोसत नाहीत. निगा राखली ती माझी. नवा फोम मला मिळाला, उंच काच मला मिळाली. ज्या हाताने माझा एकेक स्क्रू चाचपला, तो हात तिच्या पाठीवरून एकदा फिरला असता तर हाड हाताला लागले असते.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी म्हणेल, दुखते. खुर्ची बदलू नका, गादी बदलू नका. आधी त्या माणसाजवळ बसा, आणि तो 'दोन' म्हणाला तर त्याच्या हातांकडे पाहा.

वही खिळ्यालाच आहे. सहाच्या खाली एबरहार्टने त्याच सुंदर अक्षरात एक शेवटची ओळ लिहिली आहे. त्यात खाचांचा आकडा नाही.

रोझविथा रेम्फर, १२ नोव्हेंबर २०१८ रोजी, सोमवारी सकाळी, वारली.